अंगात सुया आणि दाराला कुलूप

“ह्या घरात अफू चालणार नाही!” सेफ्टीकाकांनी जाहीर केलं आणि गोळ्यांचं पाकीट दोन बोटांत असं धरलं, की जणू त्यातून आत्ता विंचू बाहेर येणार आहे. “एकही गोळी न घेता तुझा गुडघा चालता करून दाखवतो. लिहून घे!”

काकू पलंगावर आडव्या होत्या. नवा कोरा गुडघा बसवून हॉस्पिटलमधून घरी येऊन त्यांना अजून चहासुद्धा मिळाला नव्हता. पाय उशीवर, चेहरा पांढराफटक.

“गुडघा माझा आहे,” त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “आणि लिहून घ्यायला मला उठता येत नाही.”

सेफ्टीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी हयात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. त्यांच्या कारकिर्दीत तिथं कुणाच्या नखाला धक्का लागला नाही, आणि त्याचं कारण म्हणजे ते कुणाला काम करूच देत नसत, असं कामगार म्हणायचे. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. घराच्या दाराला त्यांनी तीन कुलपं बसवली होती आणि कचऱ्याची बादली बाहेर ठेवायची झाली तरी तिन्ही लावून जात. इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: “लिफ्ट बंद पडल्यास घाबरू नये. आरडाओरडा करू नये. शांतपणे मदतीची वाट पाहावी.” आणि काकू विळी घेऊन बसल्या की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा, “बोटं आत!”

आता अशा माणसापुढे हाडांच्या डॉक्टरांनी ‘अफू’ हा शब्द उच्चारायलाच नको होता. डॉक्टर बिचारे नीट समजावत होते. “ही कडक गोळी अफूच्या जातीची आहे. सुरुवातीला दुखणं फार असतं, तेव्हा वेळेवर द्या. दुखणं उतरेल तशी आम्ही कमी करत बंद करू. वाटलं तर जोडीला ॲक्युपंक्चर करून बघा. काही पेशंटना त्यामुळे गोळ्या कमी लागतात. पण तुमच्या मनानं काही थांबवू नका.”

एवढ्या भाषणातून काकांच्या कानात तीनच शब्द शिरले. अफू. बंद करू. ॲक्युपंक्चर.

घरी आल्याबरोबर त्यांनी गोळ्या लपवल्या. कुठे, ते कुणालाही सांगितलं नाही. काकूंना दुखू लागलं की त्या हाक मारत आणि काका पलंगाशेजारी खुर्ची टाकून चौकशी सुरू करत.

“खरंच दुखतंय, की नुसतं वाटतंय?”

“मला वाटतंय की दुखतंय.”

“दहापैकी किती?”

“मघाशी सात होतं. तुम्ही विचारायला लागल्यापासून अकरा!”

मग अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून, पाय शेकून, बर्फ लावून, अगदीच काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं की काका खोलीबाहेर जात आणि एक गोळी घेऊन येत. तीही अशी द्यायचे की जणू स्वतःचं मूत्रपिंड काढून देतायत. काकू व्यायामाला तयार नसत. पाय वाकवायचा म्हटलं की त्यांचे ओठ निळे पडत. काकांच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. गोळी दिली तर सवय लागेल ही भीती, आणि नाही दिली तर ही अशी तळमळणार ही भीती. दोन्ही भीत्या त्यांच्या उशाशी आळीपाळीनं पहारा द्यायच्या.

शेवटी त्यांनी ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांना घरी बोलावलं.

त्या आल्या. तरुण, शांत, हळू आवाजात बोलणाऱ्या. खांद्याला पिशवी. काका खालपर्यंत घ्यायला गेले होते, कारण डॉक्टर जिन्यानं येणार असं फोनवर म्हणाल्या होत्या.

“छे छे! जिना? पायऱ्यांच्या कडा झिजल्यात. लिफ्टनं चला!”

“मी जिन्यानंच बरी, काका.”

“माझ्या देखत नाही!” म्हणत काकांनी त्यांना लिफ्टमध्ये जवळजवळ ढकललंच. वर येईपर्यंत डॉक्टर छताकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. काकांना वाटलं, मंत्र असेल उपचाराचा.

काकूंना तपासून डॉक्टर म्हणाल्या, “टाक्यांच्या जवळ मी सुई लावणार नाही. कानाला, हातांना, दुसऱ्या पायाला आणि एक इथं भुवयांच्या मधे. केसासारख्या बारीक असतात. लावल्या की डोळे मिटून पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही.” मग काकांकडे वळून, “आणि दुसऱ्या कुणीही बोलायचं नाही.”

काका मान डोलावणार एवढ्यात पहिली सुई काकूंच्या हातात शिरली. काकूंना काही झालं नाही. काकांना मात्र भिंतीवरचं घड्याळ सावकाश फिरताना दिसलं. काटे नव्हे, अख्खं घड्याळ! आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट सगळ्यांपासून दडवली होती, ती म्हणजे सुई बघितली की ते गळाठायचे. कारखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा दिवस आला की साहेबांची नेमकी बाहेरगावी मीटिंग असायची.

“शेकायचा दिवा माझ्या गाडीत राहिलाय,” सगळ्या सुया लावून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. “पटकन घेऊन येते.”

“मी येतो! जड असेल!” काका एवढ्या उत्साहानं ओरडले की काकूंच्या भुवयांमधली सुई थरथरली.

“तुम्ही थांबा ना काकूंजवळ.”

“नाही नाही. बाईमाणसानं वजन उचलायचं म्हणजे पाठीला धोका. हिचं काय, ही पडून राहील. अगं, हलू नको हं! तुझा मोबाईल स्वयंपाकघरात ठेवतो, वाजला तर दचकशील.”

डॉक्टरांनी स्वतःचा फोन काकूंच्या उशाशी ठेवला. त्यातून झऱ्याच्या पाण्याचा आवाज झुळझुळत होता. काकांनी बाहेर येऊन दाराला तिन्ही कुलपं लावली, किल्ल्या खिशात टाकल्या आणि जिन्याकडे निघालेल्या डॉक्टरांना दंडाला धरून लिफ्टमध्ये घेतलं.

लिफ्ट निघाली. जरा खाली गेली, गचका बसला, दिवा मिचमिचला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली.

दोघांच्याही समोर काकांची पाटी होती. “घाबरू नये.”

“काही नाही,” काका म्हणाले. “होईल चालू.” त्यांनी बटण दाबलं. मग सगळी बटणं दाबली. मग एका बटणावर बुक्की मारली. खिशातून फोन काढला तर रेंजचा पत्ता नाही. आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम सगळं चित्र उभं राहिलं. बायको घरात एकटी. अंगभर सुया. हलायचं नाही अशी ताकीद. फोन स्वयंपाकघरात. दाराला तीन कुलपं, किल्ल्या इथं. आणि दुखायला लागलं तर गोळ्या कुठे आहेत हे जगात एकाच माणसाला माहीत, तो माणूस लिफ्टमध्ये टांगलेला!

“वाचवा!” काकांनी असा टाहो फोडला, की पाटीसुद्धा दचकली असेल. “कुणी आहे का? वाचवा!”

आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी बाहेर आल्या. त्या फार परोपकारी बाई होत्या, फक्त त्यांना दुसऱ्याचं संकट अर्धं ऐकलं तरी पूर्ण कळायचं. त्यांनी वरच्या मजल्यावरून लिफ्टच्या जाळीला तोंड लावलं.

“कोण, सेफ्टीकाका? काय झालं?”

“माझं सोडा! आमची ही घरात आहे! एकटी! तिच्या अंगात सुया आहेत!”

आता लिफ्टच्या त्या बोगद्यातून आवाज जातो म्हणजे घुमत, आपटत, ठेचकाळत जातो. खालून ‘सुया’ निघाल्या, वर पोचेपर्यंत त्यांच्या सुऱ्या झाल्या.

“सुऱ्या?” वहिनींचा हात छातीवर गेला. “अंगात?”

“हो! टोचल्यात!”

“कुणी?”

“आमच्या समोर टोचल्या! मीच बोलावलं होतं टोचायला!”

“अरे देवा! हलतायत का काकू?”

“नाही! अजिबात नाही! मी सांगितलंय तिला, हलायचं नाही!”

वहिनींनी जाळी घट्ट धरली. “मी जाते आत! दार उघडं आहे का?”

“कसं उघडं असेल? मी कुलूप लावून निघालो होतो! तिन्ही!”

“निघाला होतात? कुठे निघाला होतात?”

“खाली, गाडीकडे! आणि वहिनी, एक लक्षात ठेवा. गोळ्या मी लपवल्यात! कुणी कितीही शोधल्या तरी सापडणार नाहीत!”

वहिनींना आता पुढचं काही ऐकायची गरज उरली नव्हती. सुऱ्या खुपसून, बंदुकीच्या गोळ्या लपवून, दाराला कुलूप घालून माणूस गाडीकडे पळत होता आणि लिफ्टनं त्याला अडकवलं! त्या तशाच घरात धावल्या आणि फोन उचलला.

इकडे लिफ्टमध्ये दुसराच प्रकार सुरू झाला होता. इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या डॉक्टर हळूहळू भिंतीला टेकून खाली बसल्या. कपाळावर घामाचे थेंब.

“डॉक्टर? काय होतंय?”

“मला... बंद जागेचा त्रास होतो.”

“मग लिफ्टनं कशाला आलात?”

“तुम्हीच आणलंत!” त्या शांत बाई पहिल्यांदाच ओरडल्या. “दोन्ही वेळा!”

काका एकदम खजील झाले. त्यांना धापा टाकणाऱ्या डॉक्टरांकडे बघवेना.

“पाणी नाहीये माझ्याकडे. काय करू? काय करू सांगा.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. “इथं... मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधे. अंगठ्यानं दाबा. माझ्या हातात जोर नाही.”

“सुई नको ना?”

“नको! नुसतं दाबा!”

काकांनी अंगठा ठेवला आणि दाबला. घाबरलेल्या माणसाच्या अंगठ्यात किती बळ असतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

“आई गं! मेले!” डॉक्टर किंचाळल्या. “सोडा! अहो, सोडा मला!”

“सोडू कसा? तुम्हीच म्हणालात दाबा!”

“इतकं नाही! जीव जाईल माझा!”

वर वहिनी नुकत्याच फोन करून परत जाळीपाशी आल्या होत्या. सोबत वॉचमन होता.

“ऐकलंस?” वहिनींचा चेहरा कागदासारखा झाला. “आत दुसरी पण आहे! तिलाही धरलंय!”

“काका असं करतील वाटत नाही हो,” वॉचमन म्हणाला. “मला गेटाशी सळई ठेवू देत नाहीत, कुणाला लागेल म्हणून.”

“तीच माणसं!” वहिनी म्हणाल्या. “आतून अशीच असतात!”

आणि त्यांनी पुन्हा फोन लावला, मघाशी फक्त पोलिसांना बोलावलं होतं म्हणून.

लिफ्टमध्ये काकांनी अंगठा सैल केला. आता हळू, एका ठेक्यात दाबू लागले, कारखान्यात कुणाला चक्कर आली की धीर द्यायचे तसे. जरा वेळानं डॉक्टरांचा श्वास लांब व्हायला लागला.

“बोलत राहा काहीतरी,” त्या म्हणाल्या. “काहीही. म्हणजे माझं लक्ष भिंतीकडे जाणार नाही.”

काका काय बोलणार? जे पोटात होतं तेच बाहेर आलं. “आमच्याकडे एक मुकादम होता. हसरा माणूस. पाठीचं ऑपरेशन झालं, त्याला असल्याच गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. नंतर कारखान्याच्या गेटाशी येऊन बसायचा. हात असे थरथरायचे. मला म्हणायचा, साहेब, तुम्ही इतक्या पाट्या लावल्यात, ह्याची एखादी लावली असतीत. मी काय सांगू, डॉक्टर, पाकीट बघितलं की मला तोच दिसतो. हिला तसं झालं तर?”

डॉक्टर जरा सावरून बसल्या. मग म्हणाल्या, “भीती खोटी नाही तुमची. पण त्यांच्या गोळ्यांवर कुणी लक्ष ठेवून होतं का?”

“नाही. कुठूनही आणायचा.”

“काकूंच्या डॉक्टरांचं आहे ना? काका, सुरुवातीलाच दुखणं आवरलं नाही, तर काकू पाय वाकवणार नाहीत. वाकवला नाही की गुडघा आखडतो. मग दुखणं जास्त दिवस राहतं आणि गोळ्याही जास्त दिवस लागतात. माझ्या सुया गोळीच्या जोडीला असतात, गोळीच्या जागी नाही. मदत झाली तर गोळी लवकर उतरते, एवढंच. मी जादूगार नाही.”

“हाडांचे डॉक्टर पण असंच काहीतरी...” काका बोलता बोलता थांबले. “तुमच्या मनानं काही थांबवू नका” हे वाक्य त्यांना आत्ता, लिफ्टमध्ये, पहिल्यांदा ऐकू आलं.

“तुम्ही थांबवल्यात?”

“लपवल्यात,” काका बारीक आवाजात म्हणाले.

“काका!” डॉक्टरांचा घाम एकदम थांबला. रागानं माणसाला बंद जागेचासुद्धा विसर पडतो.

“आणि आता ती वर एकटी आहे, डॉक्टर. तासभर झाला असेल. सुया जास्त वेळ राहिल्या तर? आत गेल्या तर? रक्तातून हृदयाकडे...”

“काही होत नाही. सुया जागच्या जागी राहतात.”

“तिला दुखत असेल तर? ती हाका मारत असेल. मी ऐकत नाही म्हणून रडत असेल.” काकांचाच आवाज ओला झाला. त्यांनी लिफ्टच्या दाराला कपाळ टेकलं. “मी तिला कशाला कोंडलं हो?”

आता डॉक्टरांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि दाबायला सुरुवात केली.

तेवढ्यात खाली भोंगे वाजले. एक पोलिसांचा, एक अग्निशामक दलाचा. इमारतीत इतकी माणसं राहतात हे त्या दिवशी इमारतीला कळलं. सगळे जिन्यात. इन्स्पेक्टरबाई दोन-दोन पायऱ्या टाकत वर आल्या आणि मागून दलाचे तिघं जण, हातात कुऱ्हाड आणि पहार.

“कुठलं दार?”

“हे!” वहिनींनी दाखवलं. “पण मजबूत आहे हो. काका नेहमी म्हणतात, हत्ती आला तरी उघडणार नाही.”

दलाच्या माणसानं पहार घातली आणि जरा अंग टाकलं. दार तिन्ही कुलपांसकट चौकटीतून निघालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

सगळे आत घुसले. इन्स्पेक्टरबाई पुढे, हातात काठी, त्यांच्या मागे कुऱ्हाड, त्यामागे वहिनी डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून बघत. बेडरूममध्ये झऱ्याचं पाणी झुळझुळत होतं. काकू पलंगावर निपचित. तोंड किंचित उघडं.

“गेल्या!” वहिनींनी हंबरडा फोडला.

काकूंनी घोरल्याचा एक लांबलचक आवाज काढला.

इन्स्पेक्टरबाई वाकल्या. कपाळावर, कानाला, हाताला केसासारख्या सुया. रक्ताचा थेंब नाही. “सुऱ्या कुठायत?” त्यांनी वळून वहिनींना विचारलं.

त्या आवाजानं काकूंनी डोळे उघडले. समोर टोप्या, कुऱ्हाड, काठी, पहार आणि वहिनी.

“एक दिवा आणायला,” त्या जडशा आवाजात म्हणाल्या, “एवढी माणसं लागली?”

“बाई, घाबरू नका. तुमच्यावर हल्ला कुणी केला?”

“कसला हल्ला? उपचार चाललेत माझे. हलायचं नाही, बोलायचं नाही असं सांगितलंय. तुम्ही बोलायला लावू नका.”

“पण तुमच्या मिस्टरांनी गोळ्या लपवल्यात असं कळलंय.”

“हो. कपाटावर, बॅगेच्या मागे, माझ्या हिरव्या शालीत.”

इन्स्पेक्टरबाई चाट पडल्या. “तुम्हाला माहितीये?”

“खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. मग कपाट करकरतं. मग हे शिंकतात, वर धूळ आहे. गुडघा बदललाय माझा, कान नाही.”

दलाच्या माणसानं हात वर करून शाल काढली. आतून गोळ्यांचं पाकीट निघालं. इन्स्पेक्टरबाईंनी ते उलटसुलट करून वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “ही दुखण्याची आहे. ऑपरेशननंतरची. तुम्हाला दुखलं तर काय करता?”

“मागते,” काकू म्हणाल्या. एवढंच. पण ते ऐकून वहिनींनी डोळ्यांवरचा हात सावकाश खाली घेतला.

दलाच्या माणसांनी लिफ्ट उघडली तेव्हा काका अर्ध्या उंचीवरून बाहेर ओढले गेले, पोट घासत, चष्मा एका कानाला लोंबकळत. वॉचमननं त्यांना उभं केलं. ते कुणाकडे न बघता जिना चढत सुटले, त्याच झिजलेल्या कडांवरून! दाराच्या जागी मोठं भोक बघितलं आणि जागीच थिजले. मग आत पळाले.

“अगं! दुखतंय का? किती? दहापैकी किती? नाही, नको सांगू, काहीच नको सांगू, मी गोळी आणतो!” आणि त्यांनी खुर्ची ओढली.

“सापडल्या,” मागून इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. काका खुर्चीवर एक पाय ठेवून तसेच थांबले. “खाली उतरा. आणि ऐका. औषध लपवणं हा विनोद नाही. ह्यांना चालता येत नाही, दार तुम्ही बाहेरून बंद केलंत, फोन लांब ठेवलात. घरात धूर झाला असता तर?”

सुरक्षा अधिकाऱ्याला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी विचारला.

“असू द्या हो,” पलंगावरून काकू म्हणाल्या. “त्यांना भीती वाटते.”

“कशाची?”

“ते वारावर आहे. आज वार कुठला?” काकूंनी विचारलं, आणि दलाच्या माणसाला हसू आवरेना.

डॉक्टर जिन्यानं वर आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि एकेक सुई काढली. “कसं वाटतंय, काकू?”

“झोप लागली. हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदा. पण दुखतंय अजून, खोटं कशाला बोलू.”

“मग गोळी घ्या.”

काकांनी स्वतः पाणी आणलं. पाकीट काकूंच्या उशाशी, त्यांच्या हाताला लागेल असं ठेवलं. मग हाडांच्या डॉक्टरांना फोन करून केलेला सगळा पराक्रम सांगितला आणि पलीकडून जे ऐकावं लागलं ते फोन कानापासून लांब धरून ऐकलं. गोळी वेळेवर घ्यायची, व्यायाम गोळीनंतर करायचा, सुया चालू ठेवायच्या, आणि गोळी कधी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील, काकांनी नाही.

त्याप्रमाणे चाललं. गोळी घेऊन काकू पाय वाकवू लागल्या. आधी शिव्या देत, मग नुसत्या दात आवळून. डॉक्टर येत राहिल्या, जिन्यानं. सुयांच्या दिवशी काकूंना झोप चांगली लागे आणि त्या दिवशी त्या गोळी जरा उशिरानं मागत. म्हणजे घेत, मागायची गरज उरली नव्हती. हळूहळू हाडांच्या डॉक्टरांनी कडक गोळी उतरवत आणली आणि काकूंना साध्या गोळीवर आणलं. काकू वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊ लागल्या. वहिनी तर रोज विचारपूस करायला येत आणि दर वेळी खोलीभर नजर फिरवून जात, कुठे काही धारदार दिसतंय का म्हणून.

एवढं सगळं नीट चाललं, तरी काकांचा जीव काही थाऱ्यावर येईना. उपचार चालू असताना ते दारात उभे राहून एका डोळ्यानं बघायचे, दुसरा मिटलेला.

“तुम्ही असे उभे राहू नका हो,” एक दिवस काकू म्हणाल्या.

“माझं बोलणं त्रासाचं होतं, ते बंद केलं. आता काय?”

“तुमचा चेहरा. मला जरा कळ आली की तुमचा चेहरा असा होतो, की माझी कळ बाजूला ठेवून मला तुम्हाला धीर द्यावा लागतो. इतकी शक्ती नाही माझ्यात.”

काकांना हे कुठेतरी आत लागलं. “मग मी काय करू? बाहेर जाऊ?”

“बाहेर जाऊन तुम्ही काय काय करता ते सगळ्या इमारतीनं बघितलंय. इथं खुर्चीत बसा. डोळे मिटा. काही करू नका.”

काही न करणं काकांना कधी जमलं नव्हतं. तरी ते बसले. डॉक्टरांनी झरा लावला. पहिली सुई लागली, ती त्यांनी बघितली नाही. दुसरीही नाही. काकूंचा श्वास संथ झालेला त्यांना ऐकू येत होता. ती तळमळत नव्हती. कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. कित्येक दिवस ताठ राहिलेली त्यांची मान हळूच एका बाजूला कलली.

थोड्याच वेळात खोलीत असा आवाज सुरू झाला, की काकूंनी एक डोळा उघडला. काका खुर्चीत वाकडेतिकडे होऊन, तोंड वासून घोरत होते. झऱ्याचं पाणी कुठल्या कुठे वाहून गेलं. खिडकीचं तावदान थरथरत होतं.

“डॉक्टर,” काकू न हलता, ओठांच्या कोपऱ्यातून कुजबुजल्या, “घोरण्यावर एखादी सुई नाही का?”

“आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “लावू?”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. कपाळावरची सगळी आठ्यांची जाळी पुसली गेली होती.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मला जरा कापूस द्या कानात घालायला.”